दसऱ्याला गाडी दारात

"किक नंतर मारा. आधी नुसतं बसून बघा," अनुसयाकाकी म्हणाल्या.

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस धूर बघतो, ऑइल गळतंय का बघतो, चेन हलवतो, टायरमध्ये नख घालतो. हे सगळं मी पाठ करून गेलो होतो. बसून काय बघायचं असतं, ते काही मला माहीत नव्हतं. तरी बसलो, आणि चटकन उठलो. सीटला खड्डा पडला होता, दुसऱ्या माणसाच्या बैठकीचा. कुणीतरी नुकताच उठून गेलाय आणि आपण त्याच्या जागेवर टेकलो, असं वाटलं. गाडी तर चार वर्षं तिथंच अंगणात उभी होती.

"कसं वाटलं?"

"बसल्यासारखं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

काकी हसल्या नाहीत. मोहिऱ्यांचं घर तासगावच्या एका टोकाला, पुढं सारवलेलं अंगण, आणि अंगणाच्या मधोमध पत्र्याच्या शेडखाली ती पाचशे सीसीची गाडी. पुढं काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या लोखंडी पेट्या, मीटरनं लाख कधीच ओलांडलेला. मी सांगलीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. जन्म गेला वडिलांच्या स्कूटरवर, आणि चाळिशी उलटल्यावर डोक्यात किडा शिरला की मोठ्या गाडीवरून मुलूख बघायचा. बायको म्हणाली, "या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात. तुम्ही चेनला लावा." ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी रिटायर झालो, गुडघ्यालाही तेल लावायला लागलो. पण ते अंगण काही डोळ्यांपुढून जात नाही.

"पार्ट सुटे करून विकणार न्हाईसा न्हवं?" काकींनी विचारलं.

"छे हो. फिरायला घेतोय."

"आमचा दिगू पण फिरायलाच गेलाय," काकी म्हणाल्या. "गाडी अशी उभी राहिली की गंजती. माझ्याच्यानं किक बसत न्हाई. शेजाऱ्यांना तरी रोज किती हाका मारायच्या?"

आतून त्यांची सून चहा घेऊन आली. वृषाली तिचं नाव, पतसंस्थेत नोकरीला होती. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला टिकली. 'फिरायला गेलाय' हे शब्द ऐकले आणि ती कपाकडे बघत राहिली.

पैशाचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. काकींना घासाघीस करायचीच नव्हती. त्यांच्या अटी वेगळ्याच होत्या.

"गाडीचं जे जुनं निघंल ते भंगारात टाकायचं न्हाई. मला आणून द्यायचं. आणि दरसाल दसऱ्याला गाडी दारात आणायची, पूजेला. चालवत आणायची. टेम्पोत घालून आणलेली मला चालणार न्हाई."

म्हटलं, एवढंच ना? हौसेला मोल नसतं, तिथं अटींचं काय घेऊन बसलात. मी मान डोलावली आणि किल्ली घेतली.

बाकीची गोष्ट मला दस्तगीर मिस्त्रीनं सांगितली, गाडी त्याच्या गॅरेजात नेल्यावर. गाडी बघताच त्यानं पान्हा खाली ठेवला.

"मास्तर, ही दिग्विजय मोहिऱ्याची. घेतलीसा कशी?"

दिग्विजय दोघा मित्रांबरोबर हिमाचलात गेला होता. एका खिंडीच्या अलीकडे तो मागं राहिला. मित्र वाट बघून परत फिरले तर रस्त्याच्या कडेला गाडी नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, हातमोजे हेल्मेटमध्ये, किल्ली गाडीला. माणूस नाही. खाली दरी, दरीत नदी. बर्फ पडेपर्यंत शोधलं, चप्पलसुद्धा सापडली नाही. गाडी रेल्वेनं मिरजेला आली. काकी पार्सल ऑफिसात गेल्या आणि तिथं हमालांच्या गर्दीत त्यांनी गाडीच्या चाकांवर पाणी घातलं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसावरून टाकतात तसा. पुढं भटजी सांगायला आले की माणूस सापडला नाही तरी दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करता येतं. काकींनी त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. म्हणाल्या, "गाडी सुरू हाय तवर माझा दिगू हाय. या तुम्ही."

"आणि ती आता तुमच्या हातात हाय," दस्तगीर म्हणाला. "मला तर बाबा भ्या वाटतं हिला हात लावायला."

भ्या वाटतं म्हणणाऱ्या दस्तगीरनं पुढं माझा खिसा मात्र मनसोक्त हलका केला. लाखभर पळालेली गाडी म्हणजे भाड्याचं जुनं घर; एक गळती काढली की दुसरी तयार. क्लच प्लेटी गेल्या. चेन ताणली. हेडमधून ऑइल पाझरायला लागलं. एका उन्हाळ्यात पिस्टनच बदलावा लागला. दस्तगीर दर वेळी म्हणायचा, "मास्तर, इंजिनच दुसरं बसवू, कटकट मिटंल." आणि मी दर वेळी नाही म्हणायचो. का, ते दोघांनाही माहीत होतं.

निघालेलं सामान मी पिशवीत घालून तासगावला न्यायचो. काकी एकेक नग रॉकेलनं धुवायच्या, फडक्यानं पुसायच्या, आणि दिग्विजयच्या जुन्या शर्टात गुंडाळून ट्रंकेत ठेवायच्या. पिस्टन दिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला.

"हाड तेच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"चासी तीच आहे काकी. तिला कोण हात लावतंय?"

"मग झालं. कातडं बदलतंच माणसाचं."

दसऱ्याला त्या गाडीला कुंकू लावायच्या, ओवाळायच्या. मग गाडी सुरू करून चाकाखालचं लिंबू फोडायचं. इंजिनाचा आवाज आला की काकींच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसायचं. मला पुरणपोळी वाढायच्या. मजेत चाललं होतं म्हणा ना. सीटच्या त्या खड्ड्यानं पहिले काही महिने माझी कंबर धरायची. नंतर धरेनाशी झाली. सीट माझ्यासारखी झाली की मी सीटसारखा झालो, कुणास ठाऊक.

पण खरं भूत बसलं होतं ते रस्त्यावर.

पहिल्यांदा संकेश्वरच्या पुढं. हायवेला एक खानावळ दिसली म्हणून थांबलो. हेल्मेट काढायच्या आत आतून एक पोट सुटलेले गृहस्थ धावत आले. "अरे दिगूशेठ! केवढ्या वर्षांनी! मेलास का जगलास म्हटलं!" पाठोपाठ टेबलावर बिनसाखरेचा चहा. मी न मागता. मी हेल्मेट काढलं आणि म्हणालो, "मी तो नाही." त्या माणसाचं तोंड असं उतरलं की काय सांगू. चहा त्यानं परत नेला नाही. तिथंच ठेवून आत गेला आणि मी असेपर्यंत बाहेर आला नाही.

मग ठिकठिकाणी तेच. सोलापूरकडं पंक्चरवाला, कोकणात पेट्रोल पंपावरचा म्हातारा, गोव्याच्या हद्दीवर काजू विकणारी बाई. गाडी लांबून दिसली की हात वर व्हायचे. ह्या माणसानं वाटेवर किती माणसं जोडून ठेवली होती! मी प्रत्येकाला सांगायचो, मी तो नाही, आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा नव्यानं मारून पुढं जायचो. शेवटी मला ते सोसेना. मी हेल्मेटची काच वर करणंच सोडून दिलं.

पंपावरच्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "आईचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे," मी आतून म्हणालो.

"विचारलं म्हणून सांगा हां त्यांना."

आणि मी शहाण्यानं सांगितलं. तासगावला गेलो तेव्हा गप्पांच्या ओघात बोलून गेलो. काकी शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कुणी विचारलं?"

"पंपावरचे एक आजोबा. दिग्विजयच वाटला त्यांना."

"म्हंजी दिगू दिसला त्यांना!"

"काकी, मी दिसलो. मी होतो गाडीवर."

"गाडी दिसली न्हवं? मग झालं की!" त्या उठल्या, गुडघा धरून चक्क धावत सुटल्या. "वृषाली, ए वृषाली! दिगू कोकणात हाय ग!"

वृषाली आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज बंद झाला. ती बाहेर आलीच नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ती शाळेत आली. मधली सुट्टी होती. ड्रॉइंगच्या वर्गात दोऱ्यांवर चित्रं वाळत घातली होती, त्यांच्याखालून वाकून ती आत आली. मला आधी वाटलं काकींचं काही बरंवाईट झालं.

"आई बऱ्या आहेत," ती म्हणाली. "सर, दसऱ्याला गाडी आणणार ना?"

"म्हणजे काय! नवी चेन टाकलीय. जुनी पिशवीत घालून ठेवलीय काकींसाठी."

"आणा. पण या वेळी ती दारात बंद पडू दे."

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"तुम्ही पंपावरचं सांगितल्यापासून आई रोज ह्यांचं ताट वाढतात," वृषाली सांगत होती. "गार झालं की मला म्हणतात, तू जेव त्यातलं. सात वर्षं झाली सर. हळदीकुंकवाला गेले की बायका एकमेकींकडे बघतात, हिला लावायचं की नाही. ते मी सोसलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरं कुणी आहे का? लग्नाचं वगैरे..."

"तुम्हीसुद्धा तेच विचारलंत," ती म्हणाली. तिला राग आला नाही, त्यामुळं मला जास्तच लागलं. "कुणी नाही. मला रडायचंय, सर. माझा नवरा गेला आणि मी अजून रडले नाहीये. डोळ्यांत पाणी आलं की आई म्हणतात, जित्या माणसाला रडू नको, अपशकुन होतो. न्हाणीत नळ सोडून रडावं म्हटलं तर बाहेरून विचारतात, एवढं पाणी कशाला लागतंय? मला एकदा माझ्या घरात मोठ्यानं रडायचंय. गाडी सुरू आहे तोवर त्या रडू देणार नाहीत."

"पण काकींना फसवायचं?"

"फसवतोयच की आपण. तुम्ही पिस्टन बदलून, मी टिकली लावून."

घंटा झाली. पोरं वर्गात घुसली. ती पुन्हा चित्रांखालून वाकून निघून गेली. मी हो म्हणालो नव्हतो, नाही पण म्हणालो नव्हतो.

आता सांगा, काय करायचं माणसानं? एकीचा जीव गाडी सुरू असण्यात अडकलेला, दुसरीचा ती बंद पडण्यात. आणि किल्ली माझ्या खिशात. इतकी वर्षं ती गाडी चालू ठेवायला मला अख्खा दस्तगीर लागायचा. बंद पाडायला एक बोट पुरेसं होतं. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो लावला की आत उरलेल्या थेंबांवर गाडी थोडं अंतर जाते आणि मग गप होते. दसऱ्याच्या सकाळी तासगावच्या अलीकडं, कॅनॉलच्या पुलावर, मी हात खाली घालून कॉक लावला. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी मला फक्त ते नळाचं पाणी आठवत होतं.

गाडीनं मला दारापर्यंत नेलं. फाटकातून आत शिरता शिरता दोन आचके दिले आणि अंगणात उभी राहिली.

काकी वाटच बघत होत्या. नवं लुगडं, हातात ताट. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हँडलला झेंडूचा जाडजूड हार घातला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ओवाळलं. वृषाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"हं, करा सुरू मास्तर," काकी म्हणाल्या.

मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. तीन-चारदा मारली. नुसता फस्स फस्स आवाज. काकी ताट घेऊन एक पाऊल पुढं आल्या.

"परत मारा."

मारली. मला घाम फुटला होता, तो काही किकांचा नव्हता. घोकून आणलेलं वाक्य मी कसंबसं बाहेर काढलं. "काकी, इंजिन गेलं. आता ह्यात काही राहिलं नाही."

काकींनी माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. ताट वृषालीच्या हातात दिलं. मग दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत गाडीशेजारी खाली बसल्या, टाकीखाली हात घातला आणि न बघता, अंधारात माजघरातलं बटण दाबावं तसा सहज, कॉक सोडला.

"मार आता," त्या म्हणाल्या.

एका किकेत गाडी सुरू झाली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वृषालीनं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि तोंडावर पदर धरला.

"मीच लावला काकी," मी म्हणालो. "हिचा काही संबंध नाही."

"गप बसा मास्तर."

त्या खालीच बसून होत्या, टाकीवर तळहात ठेवून. इंजिन धडधडत होतं, त्यामुळं त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"दिगू हेच करायचा. कामावर जायचा कंटाळा आला की हितंच गाडी सुरू करायची, हळूच कॉक लावायचा, आणि बंद पडली की मला हाक मारायची. आई, गाडी चालंना ग, आज ऱ्हातो घरीच! मी यायची, कॉक सोडायची, पाठीत एक धपाटा घालायची, की खी खी हसत जायचा." त्यांनी लुगड्यानं तोंड पुसलं. "त्या दिवशी पण केलं त्यानं. पेट्या बांधलेल्या. दोस्त मिरजेला थांबलेले. म्हणाला, आई, चालंना बघ. ऱ्हाऊ का घरी? मी म्हटलं, चाळे पुरे. गावभर दवंडी पिटलीयास हिमालयाची, आता ऱ्हायलास तर लोक दात काढतील. अशीच खाली बसले. कॉक सोडला. धपाटा घातला."

गाडी तेवढी चालू होती.

"हसला न्हाई ग त्यो, वृषाली. त्या दिवशी हसला न्हाई."

वृषाली पायऱ्या उतरून आली. "आई, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगू? मी घालवला म्हणून सांगू?"

मला वाटलं आता काकी कोसळतील. पण त्या हँडलला धरून उठल्या, तो खाली उतरलेला हार बाजूला सारला, आणि स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. त्या अंगणात एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. शेजारच्या घरातली दसऱ्याची गडबड, कुणाच्या तरी रेडिओचा आवाज, सगळं एकदम जवळ आलं.

"वृषाली," काकी म्हणाल्या, "बंब पेटव. आपल्या दोघींना आंघोळ करायचीय."

वृषाली तिथंच मातीत बसली. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज आला, आणि मग ती रडली. काय रडली! सात वर्षांचं एका दमात बाहेर पडत होतं. शेजारची माणसं सोनं द्यायला आली होती, आपट्याची पानं हातात घेऊन ती फाटकातच थबकली. काकी तिच्याशेजारी बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणत राहिल्या, "रड बाई. रड. मोठ्यानं रड."

गाडी तशीच सणाची सजलेली, कुंकू लावलेली, मधोमध उभी होती. ते काही बरं दिसेना. मी पुढं झालो आणि हँडलवरचा हार काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे मास्तर," काकी म्हणाल्या. "त्याला घातलाय."